सगळे नॉब ५ वर ठेवून तुलना का नाही केली?

नमस्कार, प्रतिक्रिया जरा तिखट आहे पण मुद्दे धरून लिहिलीय, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की रेक्टिफायर, ५१५० आणि मार्क टू सी प्लस या तीन गिटार अँप्सची तुलना ऐकवताना मी प्रत्येकाचं सेटिंग वेगळं ठेवलं, वर रेक्टिफायरच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावलं, म्हणजे ही चीटिंग झाली. सगळे नॉब ५ वर ठेवायचे आणि जे ऐकू येईल तो त्या अँपचा खरा आवाज.

पण ५ म्हणजे नक्की काय हो? नॉबवरचा आकडा हे काही माप नाही. या अँप्सचे टोन कंट्रोल पॅसिव्ह असतात, ते फक्त कापतात, आणि सगळे मधोमध ठेवले तरी मिड्समध्ये (मधल्या फ्रिक्वेन्सींमध्ये) खड्डा असतोच. शिवाय एक नॉब फिरवला की बाकीच्यांचं वागणं पण बदलतं. त्यामुळे 'सगळं ५ वर' हे पण एक सेटिंगच झालं, आणि तिघांसाठी तीन वेगळी सेटिंग्ज.

खरी गोम मार्कमध्ये आहे. त्याचा टोन स्टॅक (बेस, मिड, ट्रेबल नॉब्सचं सर्किट) पहिल्या गेन स्टेजनंतर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्यानंतर, लगेच येतो, म्हणजे जी मोठी डिस्टॉर्शन तयार होते तिच्या आधी. तिथे बेस ५ वर ठेवलात की तो सगळा बेस पुढच्या गेन स्टेजेसमध्ये घुसतो आणि पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून दाबून वाजवलेल्या नोट्सचा) नुसता भुसा होतो. म्हणून मार्क वाजवणारे बेस १-२ वर आणि ट्रेबल ७ च्या आसपास ठेवतात, आणि वजन नंतर अँपवरच्या ग्राफिक ईक्यूच्या स्लायडर्सवरून परत आणतात, ८० हर्ट्झ वर, ७५० खाली, तो प्रसिद्ध व्ही आकार. याउलट ५१५० आणि रेक्टिफायरमध्ये टोन स्टॅक गेनच्या नंतर, तिथे बेस वाढवला तर आवाज जाड होतो पण डिस्टॉर्शनचा पोत फारसा बिघडत नाही. आता सांगा, या तिघांचा बेस नॉब सारखा ठेवून मी तुलना कशाची करणार होतो? फार तर मार्क चिखल आहे असं 'सिद्ध' झालं असतं, आणि ते साफ चूक आहे.

ट्यूब स्क्रीमरचं म्हणाल तर ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल्ल, तो डिस्टॉर्शनसाठी नव्हताच. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं तो कमी उचलतो, म्हणजे अँपमध्ये जाण्याआधीच लो एंड मागे पडतो आणि मिड्स पुढे येतात. रेक्टिफायरला हे लागतंच, कारण मॉडर्न मोडमध्ये पॉवर अँपचा निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन आवाज आटोक्यात ठेवणारी जोडणी) काढलेला असतो, मग स्पीकरवरचा ताबा सुटतो आणि खालचा भाग फुगतो. काहींना तोच फुगा आवडतो (मला पण, स्लो रिफवर), पण फास्ट वाजवायला लागलात की नोट्स एकमेकांवर चढतात. ५१५० ला बूस्ट न लावता पण चालतं, आणि मी ते वेगळं ऐकवलंय, बहुतेक तिथपर्यंत तुम्ही ऐकलं नसावं.

कॅब (स्पीकरचा डबा) मात्र तिघांना एकच, तोच माइक, माइकची जागा पण तीच. हे सारखं ठेवायलाच हवं, कारण स्पीकर बदलला तर अँप बदलल्यापेक्षा जास्त फरक पडतो. आणि व्हॉल्यूम मॅच केला, हे कोणी विचारलंच नाही! जरासा मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो, आणि कमी आवाजात बेस आणि ट्रेबल कानाला कमी लागतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलंय. बेडरूममध्ये बेस चढवून, मिड्स शून्यावर नेऊन लावलेला टोन बँडमध्ये गायब होतो तो म्हणूनच, आणि त्या बेस-ट्रेबलच्या जागेत बेस गिटार, सिंबल्स येऊन बसतात ते वेगळंच.

तुमच्या रेक्टिफायरवर एवढं करून बघा: नॉब घड्याळाचा काटा समजा, गेन १२ च्या जागी १० वाजता, मिड्स २ वाजता, प्रेझेन्स (वरच्या तीक्ष्ण भागाचा नॉब) खाली, आणि मॉडर्नऐवजी व्हिंटेज मोड. पेडल काढूनच ठेवा, म्हणजे चीटिंगचा प्रश्न नको. मग तोच रिफ ड्रम ट्रॅकवर वाजवा, एकट्याने नाही.