पर्यावरण समिती बरखास्त करा

सप्टेंबर जवळ आला की ठाण्यातल्या नोटीस बोर्डांवर वार्षिक सर्वसाधारण सभेचे कागद लागतात. हिशेब, ऑडिटर, गळती, पार्किंग, आणि अगदी तळाला, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' याच्या एक ओळ वर, 'पर्यावरण'. तिथवर गाडी पोहोचेस्तोवर निम्मी सभा चहाच्या टेबलाकडे सरकलेली असते. चार-पाच सोसायट्या, महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ आणि उत्सव मंडळ मिळून चालणाऱ्या फेडरेशनमध्येही हेच होतं, फक्त चहा जास्त लागतो.

माझं मत असं की वेगळी पर्यावरण समिती हीच अडचण आहे. ती स्थापन झाली की बाकीचे सगळे सुटतात. समितीकडे ना चेकबुक, ना सफाईचा करार, ना उत्सवाचं बजेट. असतो एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक उत्साही काका. काका मुलीकडे बंगळुरूला गेले की खतखड्डा बंद. हे काम टिकवायचं तर ते खजिनदाराच्या व्हाउचरमध्ये, सेक्रेटरीच्या करारात आणि उत्सवप्रमुखाच्या यादीत घुसलं पाहिजे. म्हणजे नक्की काय, ते लिहितो. पोस्ट लांब आहे.

आधी ओला कचरा, कारण बहुतेक फेडरेशन इथेच आपटतात. मोठ्या संकुलांनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच आलं. घोडबंदर रोडच्या टॉवरना ते लागू पडतं. नौपाड्यातल्या सोळा-वीस बिऱ्हाडांच्या इमारतीला ना सक्ती, ना जागा. एकत्र येण्याचा खरा फायदा इथे आहे. पण काय एकत्र करायचं आणि काय नाही, हे आधी ठरवा. ओला कचरा ज्याचा त्याने आपल्याच आवारात जिरवावा. एका बिल्डिंगचा कचरा दुसरीच्या गेटमधून आत गेला की तिसऱ्या दिवशी वासावरून भांडण ठरलेलं. सामायिक करायचं ते पाला कापायचं यंत्र, वजनकाटा, चाळण, आणि आठवड्यातून दोनदा फिरणारा एक प्रशिक्षित माणूस. वास ज्याचा त्याचा, यंत्र सगळ्यांचं.

हिशेब साधा आहे. एका घराचा ओला कचरा दिवसाला सहाशे-सातशे ग्रॅम धरा. तीस घरांचा वीस किलोच्या आसपास, म्हणजे साधारण चाळीस-पंचेचाळीस लिटर. त्यात कोरडा, चुरलेला पाला उन्हाळ्यात दोन बादल्यांना एक बादली, पावसाळ्यात एकास एक. पाला हा फक्त वास झाकायला नसतो. भाजीचे देठ आणि शिळा भात यांत नत्र आणि पाणी जास्त, पाल्यात कर्ब जास्त. दोन्हींचा मेळ बसला आणि मध्ये हवा खेळली तरच ढीग तापतो. हवा कोंडली की सडतो, आणि मग 'खताचा वास येतो' अशी तक्रार येते. नीट चाललेल्या खताला वास येत नाही, सडलेल्या कचऱ्याला येतो.

आता गंमत बघा. पाला लागतो जून ते सप्टेंबर, आणि पानगळ असते फेब्रुवारी ते एप्रिल. त्या तीन महिन्यांत आपण काय करतो? झाडून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घंटागाडीत टाकतो, किंवा कोपऱ्यात पेटवतो. जुलैमध्ये खड्ड्याला घाण सुटली की कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकत आणतो. तीस घरांना पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी शंभर लिटरच्या पन्नास-पंचावन्न गोण्या चुरलेला पाला लागेल. मार्चच्या सभेत हा विषय असायला हवा: कोणत्या बिल्डिंगचा किती पाला आणि गोण्या कुठे ठेवायच्या. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत अजिबात नाही. सुका पाला ठिणगीला पेटतो. भिंतीपासून लांब, पत्र्याखाली, खाली विटा किंवा लाकडी फळ्या टाकून ठेवा, नाहीतर तळच्या गोण्या ओल धरून बुरसतात.

सफाई कामगाराला शिकवायच्या गोष्टी तीनच. मूठभर माल घेऊन पिळायचा: बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाला घाला, मुठीतच भुगा झाला तर पाणी शिंपडा. लोखंडी सळई ढिगात पाच मिनिटं खुपसून काढायची, ती हाताला चांगली गरम लागली पाहिजे. आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करायचा. पांढुरक्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की लोक किंचाळतात. बहुतेक वेळा त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात आणि फुकटात काम करत असतात. मात्र त्या फार वाढल्या याचा अर्थ ओल जास्त झाली. कोळंबीची सालं, माशांचे काटे ढिगाच्या पोटात पुरून वर पाला टाकावा, वर ठेवले की मांजरं आणि घुशी आल्याच. शहाळी आणि करवंट्या यात नको. खड्ड्यातून झिरपणाऱ्या पाण्याचा ट्रे रोज रिकामा करा, नाहीतर डासांची शाळा भरते.

खत तयार झालं का, हे रंगावरून ठरवू नका. ओंजळभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं. झोंबणारा वास आला तर अजून पंधरा दिवस थांबा. कच्चं खत कुंड्यांत घातलं की रोपं पिवळी पडतात आणि पुढच्या सभेत ते रोपटंच पुरावा म्हणून येतं. वजन साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं: महिन्याला सहाशे किलो कचऱ्याचं शंभर-सव्वाशे किलो खत. ते कोण नेणार, हे आधीच लिहून ठेवा. गोण्या साचल्या की प्रकल्प गुदमरतो.

आणि 'चोवीस तासांत खत' देणारं यंत्र? ते कचरा गरम करून वाळवतं. निघतो तो वाळवलेला कचरा. पाणी लागलं की पुन्हा कुजायला लागतो. शिवाय वीज खातं ते वेगळंच. घ्यायचंच असेल तर बाहेर पडलेला माल पुढे महिनाभर कुठे मुरवणार, ते विक्रेत्याला विचारा. तिथेच बोलणं थांबतं.

आता सफाईचा करार. यात दोन वाक्यं घातल्याशिवाय ओला-सुका वेगळा होत नाही. पहिलं: मिसळलेली बादली कामगाराने उचलू नये, फ्लॅट नंबर वहीत लिहावा, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही. दुसरं: सुक्या कचऱ्याच्या भंगाराचे पैसे कामगारांचे. हे दुसरं अनेक सेक्रेटरींना रुचत नाही, सोसायटीचं उत्पन्न गेलं असं वाटतं. पण वेगळं करण्यात ज्याचा फायदा, तोच वेगळं करणार. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे. हे कामगाराच्या हाताचा विचार करून तरी पाळा.

उत्सवांचं बघू. हळदीकुंकू, सत्यनारायण, गणपती, २६ जानेवारी, होळी. फेडरेशन मोठं असेल तर वर्षाला दहा-बारा जेवणावळी होतात. इथे भाषण नको, भांडी हवीत. दीडशे माणसांसाठी दीडशे ताटं, दीडशे पेले, तीनशे वाट्या आणि दोनशे चमचे. चमचे पन्नास जादा, कारण ते उष्ट्यासोबत बादलीत जातात. यावर उपाय म्हणजे उष्ट्याच्या पिंपावर मोठी जाळी आणि शेजारी एक माणूस उभा. धुण्याचं काम बचत गटाला पैसे देऊन द्या, 'बायका मिळून करतील' हे गृहीत धरू नका. नळ मोकळा सोडून दोन तास धुतलं तर हजार लिटरच्या वर पाणी जातं. तीन टबांत, म्हणजे खरकटं काढून पहिल्यात भिजवणं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी, असं केलं तर दीडशे-दोनशे लिटरमध्ये भागतं.

कागदी कप पर्यावरणाचा म्हणून कोणी आणत असेल तर त्याला थांबवा. आतून प्लास्टिकचा थर असतो. खतात कुजत नाही आणि भंगारवालाही घेत नाही. सुपारीच्या पानांची ताटं चालतात, पण तुकडे करून टाका. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी काय द्यायचं ते बायकांनाच ठरवू द्या, त्या समितीपेक्षा जास्त नेमकं सांगतात. बॅनर कापडी करा आणि त्यावर साल छापू नका, म्हणजे पुढच्या वर्षी तोच लावता येतो. शुभेच्छुकांचे फोटो असले की ही सोय जाते, पण फोटो नकोत म्हणणारा अध्यक्ष अजून जन्माला यायचाय.

निर्माल्यातून दोरा, जरी, प्लास्टिकची फुलं आणि नारळ काढल्याशिवाय ते खतात टाकू नका. हे निवडायला कुंडापाशी दोन माणसं लागतात, आणि त्यांची नावं गणपतीच्या आधी ठरतात, विसर्जनाच्या रात्री नाही.

विजेबद्दल थोडक्यात. जिन्यातल्या चाळीस जुन्या, चोकवाल्या ट्यूब बारा तास चालल्या तर दिवसाला २४ युनिट जातात, २० वॉटच्या एलईडीवर साडेनऊ. हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी बघत नाही तो पंप. टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते वॉचमनने रोज लिहावं. चाळीसची पंचावन्न झाली तर फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतोय किंवा इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) झिजलाय. साडेसात हॉर्सपॉवरचा पंप दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं जादा चालला तर महिन्याला शंभरेक युनिट फुकट जातात, आणि बिलात ते कुठे वेगळं दिसत नाही. सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पण क्रम चुकवू नका: आधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल. उलटं केलं तर तीन वर्षांनी सगळा सांगाडा उतरवावा लागतो. पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टरूमची सावली सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठे पडते ते बघितल्याशिवाय कोटेशनवर सही नको.

झाडांबद्दल एवढंच. ५ जूनला फोटोसाठी लावलेलं रोप पावसाळ्यात आपोआप जगतं आणि जानेवारीत मरतं. ऑक्टोबर ते मे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी कोण घालणार, त्याचं नाव माळीकामाच्या करारात नसेल तर रोप लावूच नका. बकुळ, तामण, करंज लावा. आणि बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवणाऱ्या कंत्राटदाराला निदान मीटरभर माती मोकळी सोडायला सांगा, तेही वर्क ऑर्डरमध्ये लिहून.

मग बैठकीत काय? दर महिन्याच्या इतिवृत्तात, हिशेबाच्या खालोखाल, प्रत्येक सोसायटीचे चार आकडे: सामायिक मीटरचे युनिट, टँकर किती आले, ओला कचरा किती किलो, आणि मिसळलेल्या बादल्या किती. रुपये लिहू नका, दर बदलला की तुलना फसते. गेल्या महिन्याशीही तुलना नको, मे आणि जुलैची बरोबरी होत नाही. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आकडे सेक्रेटरीने वाचायचे, पर्यावरणवाल्याने नाही. एखाद्या सोसायटीचे युनिट अचानक वाढले तर चर्चा पंपावर होईल, 'जनजागृती'वर नाही.

कमिटी बदलते तेव्हाच्या हस्तांतर यादीत बँकेची सही आणि शेअर सर्टिफिकेटची वही असते. तिच्यात या ओळी वाढवा: पाला यंत्राची किल्ली कोणाकडे, भांड्यांची मोजणी किती, गोण्या किती शिल्लक, प्रशिक्षित माणसाचा करार कधी संपतो. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे यंत्रातला प्रत्येक सोसायटीचा वाटा ठरावात आणायचा असेल तर तो मसुदा आत्ताच लिहा. वाटा घरांच्या संख्येवर ठेवा. समान वाटा म्हटलं की सोळा बिऱ्हाडांची इमारत पहिल्याच सभेत बाहेर पडते.