राजापुरात काळ थांबलेला नाही

गेले काही दिवस एक मजकूर फोनवरून फोनवर फिरतोय. सोबत कौलारू घरांचे, चिऱ्याच्या पाखाडीचे, पावसात भिजलेल्या बाजारपेठेचे फोटो. मजकूर साधारण असा: 'कोकणात राजापूर, वेंगुर्ल्यासारखी काही गावं आहेत जिथे काळ थांबलाय. विकासाचा वारा लागला नाही म्हणून ती जशीच्या तशी राहिली. माणसं थोडक्यात समाधानी. बघायला फार काही नाही, नुसती शांतता. गर्दी पोचायच्या आत जाऊन या.' आमच्या वाडीच्या ग्रुपवरही तो आला आणि मुंबईतल्या बऱ्याच जणांनी त्याला हात जोडले. लिहिणाऱ्याला ही गावं मनापासून आवडली असणार. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्याचा त्रास इथे राहणाऱ्यांना होतो. राजापूर तालुका माझा, म्हणून बोलणं जास्त राजापुराबद्दलच होईल.

पहिलं, काळ थांबल्याचं. राजापूर हे आदिलशाहीतलं मोठं बंदर होतं. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून अणुस्कुऱ्यासारख्या घाटांनी खाली यायचा आणि इथून गलबतांवर चढायचा. मिरी आणि कापडासाठी इंग्रजांनी 1649 च्या सुमारास इथे वखार घातली, पुढे फ्रेंचही आले. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला, तेव्हा याच वखारीतले इंग्रज तोफगोळे घेऊन तिथे गेले होते. शिवाजी महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि 1661 मध्ये राजापूर घेतलं, वखारवाल्यांना कैद केलं. ज्या गावातल्या घडामोडींची पत्रं सुरतेला आणि लंडनला जात होती, त्याला आज काळ विसरलेलं गाव म्हणायचं?

यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. 1880 मध्ये छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरात राजापूरचं वर्णन कोकणातलं सर्वांत जुनं दिसणारं आणि चांगलं टिकलेलं शहर असंच केलेलं आहे: चढाचे अरुंद रस्ते, फरसबंद बाजार, वर छप्पर. म्हणजे बाहेरून आलेल्याला राजापूर 'जुनं' वाटण्याला आता जवळपास दीडशे वर्षं होतील. पण तेच गॅझेटियर पुढे हेही सांगतं की जिल्ह्यात अरबांची गलबतं अजून थेट येतात असं हे एकच बंदर आहे, आणि मोठं जहाज मात्र गावाच्या जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतं. खाडी गाळाने भरत आली होती. व्यापार खाली जैतापूरकडे सरकत होता. लिहिणाऱ्याला रस्ते जुने दिसले आणि त्याच वेळी गावाचं पोट भरण्याचं साधन बदलत होतं. आज फोटो काढणाऱ्याचंही तेच होतं.

'विकासाचा वारा लागला नाही' हे दुसरं. वारा लागला, जोरात लागला, फक्त तो आमच्याकडचं घेऊन गेला. यासाठी वेंगुर्ल्याचं उदाहरण अधिक स्वच्छ आहे. सतराव्या शतकात तिथे डच वखार होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत. इंग्रजी अमलात वेंगुर्ल्याहून आंबोली घाटाने बेळगावपर्यंत रस्ता होता, आणि लष्कराचं सामान, घाटावरचा कापूस यांची ये-जा त्यावरून चाले. 1888 च्या सुमारास गोव्यातलं मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडलं गेलं आणि बेळगाव-धारवाडकडचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचा धक्का शांत झाला तो असा. तिथली शांतता म्हणजे विकास न पोचल्याची खूण मानणं हा मोठा गैरसमज आहे. विकास शेजारच्या बंदरात पोचला आणि त्याने इथला व्यापार नेला. पुढे मुंबईहून येणाऱ्या बोटीही बंद पडल्या. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हा 'राजापूर रोड' स्टेशन आलं सोलगावला, शहरापासून कितीतरी लांब. गाडीतून उतरलेला माणूस पुन्हा एसटी किंवा रिक्षा बघतो.

बरं, 'जशीच्या तशी राहिली' म्हणावं तर जनगणना बघा. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. देश वाढत होता, राज्य वाढत होतं, आणि हे दोन जिल्हे माणसं गमावत होते. 2011 ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या, कारण पुरुष मुंबईत. ही रीत आजची नाही. गिरणगाव उभं राहिलं तेव्हापासून इथला तरुण तिकडे गेला आणि घर मनीऑर्डरवर चाललं. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागेत पगार थांबले, तेव्हा इथल्या वाड्यांतल्या चुली मंदावल्या. असं गाव जगापासून अलिप्त कसं? त्याचं निम्मं अंग नेहमी मुंबईत होतं.

फोटोंतली ती सुंदर कौलारू घरं बऱ्याचदा बंद असतात. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, मग वर्षभर कुलूप. कौलं उतरवून, वासे बदलून, पुन्हा शाकारायचं तर माणसं लागतात. ती नसली की दोन-तीन पावसाळ्यांत आढं वाकतं. ज्याला जमतं तो स्लॅब घालतो, आणि मग बाहेरून आलेला हळहळतो की गाव बिघडलं. मला स्लॅबचं घर डोळ्यांना आवडत नाही, पण भर आषाढात सत्तरीतल्या बाईने शिडी लावून कौलं सारखी करावीत अशी अपेक्षा मी ठेवू शकत नाही.

शिवाय गावात सगळे इथलेच आहेत असंही नाही. हापूसच्या बागांची राखण आता मोठ्या प्रमाणावर नेपाळी कुटुंबं करतात. पावसाळा संपला की येतात, आंबा उतरेपर्यंत बागेतच राहतात. मोठ्या होड्यांवरही नेपाळी खलाशी आहेत. अस्सल, न बदललेलं कोकण शोधत आलेल्या पाहुण्याला जो आंबा मिळतो, तो यांनी राखलेला असतो. त्यांची नोंद अशा मजकुरांत कुठेच नसते, हे मला खटकतं.

आता समाधानाचं. याच तालुक्यात, माडबनला, प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा 9,900 मेगावॉटचा जैतापूर प्रकल्प ठरला. त्याला विरोध करताना एप्रिल 2011 मध्ये साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला. त्यानंतर नाणारला वर्षाला 6 कोटी टन क्षमतेची रिफायनरी येणार म्हणून रान उठलं, 2019 मध्ये ती जागा रद्द झाली, आणि मग बारसूचं नाव पुढे आलं. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायका रणरणत्या उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्याच तालुक्यात प्रकल्प यावा, पोरांना घराजवळ नोकरी मिळावी, असं म्हणणारेही होते आणि आहेत. एकेका घरात यावरून अबोला आहे. मी स्वतः रिफायनरीच्या विरोधात आहे. तरी समर्थकांना गावद्रोही म्हणणं मला मान्य नाही, कारण त्यांचा प्रश्न खरा आहे: बारावी झाल्यावर काय? मुंबईच का? आपलं भविष्य काय असावं यावर वर्षानुवर्षं भांडणाऱ्या माणसांना 'थोडक्यात समाधानी' म्हणणं म्हणजे त्यांचं बोलणं ऐकूच न येणं.

पुराचंही तसंच. अर्जुना आणि कोदवली या नद्या राजापूर शहरापाशी मिळतात आणि पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी चढतं. व्यापारी माल वरच्या फळीवर चढवतात, पाणी ओसरल्यावर चिखल काढतात, दुकान पुन्हा लावतात. हे त्यांना अंगवळणी पडलंय, पण म्हणून ते त्यांना चालतं असं नाही. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर गाडी रत्नागिरीला न्यायची की घाट चढून कोल्हापूरला, हा हिशोब इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे.

'बघायला फार काही नाही' याला उत्तर देताना मात्र मला थांबवावं लागेल. सड्यावरच्या कातळात कोरलेली शिल्पं हजारो वर्षांपूर्वीची आहेत. ती कोणी आणि का कोरली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, आणि त्या यादीतली कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही ठिकाणं राजापूर तालुक्यातली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही, फिरत फिरत बघावा लागतो. उन्हाळे गावची गंगा, म्हणजे जमिनीतून फुटणारं पाणी, अवचित प्रकटते तेव्हा चौदा कुंडं भरतात आणि पंचक्रोशी लोटते. शेजारीच गरम पाण्याचा झरा आहे. धूतपापेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या बाजूने पावसाळ्यात धबधबा कोसळतो. कोदवलीला इंग्रजी अमलात बांधलेलं 'सायबाचं धरण' राजापूरला पाणी देत आलंय.

राहिलं शेवटचं, 'गर्दी पोचायच्या आत जाऊन या'. इथे लोक येण्यावर आमची हरकत नाही. राजापूरच्या बाजाराला गिऱ्हाईक हवंय, खाणावळीला जेवणारे हवेत, घरात राहायला देणाऱ्या बाईला आगाऊ फोन हवाय. या, दोन दिवस तरी राहा, आणि पावसाळ्यातही या. कातळशिल्पं बघायला जाताना त्याच गावातलं कुणीतरी सोबत घ्या, त्याला पैसे द्या, रेषांवरून पायताण घालून चालू नका आणि फोटो उठून दिसावा म्हणून त्यांत खडू भरू नका. तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर फोटो सगळे ठेवा, 'विकासाचा वारा लागला नाही' हे वाक्य तेवढं काढा. त्याच्या जागी लिहा की इथून व्यापार गेला, माणसं गेली, आणि जी राहिली आहेत ती पुढचं ठरवण्यासाठी झगडत आहेत.