हॅलोविनला पुस्तक? हो, आणि तेही जुनंच!

इथे अमेरिकेत 31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, वेगवेगळे वेश घातलेली मुलं दारोदार कँडी मागत फिरतात. आज आमच्या कम्युनिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून मेसेज आला. काही घरी मुलांना वापरलेली पुस्तकं दिली जातात, मुलांचा हिरमोड होतो, तरी हॅलोविनला कृपया पॅकबंद कँडीच द्यावी. नाव घेतलेलं नाही. पण आमच्या रांगेत पुस्तकं देणारं घर एकच आहे. आणि खाली अंगठ्यांवर अंगठे!

तिथे लिहिलं तर भांडण होईल, म्हणून इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, मी कँडी बंद केलेली नाही. पॉर्चवर दोन टोपल्या असतात. एकीत चॉकलेटं, दुसरीत पुस्तकं. ज्याला जे हवं ते घ्या, दोन्ही घ्या. पुस्तकं लायब्ररीच्या सेलमधली असतात. शेवटच्या दिवशी तिथे पिशवीच्या भावाने मिळतात. फाटलेलं, रंगवलेलं पुस्तक मी उचलतच नाही. कव्हर पुसते, किमतीच्या स्टिकरचा चिकटा खोबरेल लावून काढते. एवढं तर मी स्वतःच्या पुस्तकांचंही करत नाही.

गेल्या वर्षी एक डायनोसॉर आला होता. तो हवा भरलेला पोशाख असतो ना, आत पंखा घरघरत असतो, तो. त्याने शार्कचं पुस्तक उचललं. त्या इवल्याशा हातांत ते धड धरता येईना, तर पठ्ठ्या शेपटी सावरत पायरीवरच बसला आणि पानं उलटायला लागला. मागे पोरांची रांग अडली. बाबा सांगताहेत, अरे चल, अख्खी गल्ली राहिलीय. हा हलेना. आता सांगा, कुठे आहे हिरमोड?

बरं, मान्य. मोठी पोरं पुस्तकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. एका चेटकिणीने तर 'हा होमवर्क आहे का?' असं विचारलं. हसले मी, चॉकलेट दिलं, विषय संपला.

वापरलेल्या पुस्तकांवर जंतू असतात असं कुणी म्हणेल, तर लायब्ररीतून दर आठवड्याला आणता ती पुस्तकं काय कोरी असतात? आणि 1 नोव्हेंबरला 'एवढ्या कँडीचं करू काय?' असं विचारणारीही हीच मंडळी. मग ती कँडी ऑफिसच्या ब्रेकरूममध्ये जाते. काही डेंटिस्ट तर ती मुलांकडून पौंडाच्या भावाने विकत घेतात! ॲलर्जीवाल्या मुलांसाठी दारात टील म्हणजे निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवायची मोहीम 2014 पासून देशभर चालू आहे. त्या घरी खाऊऐवजी स्टिकर, छोटी खेळणी मिळतात. तिथे कुणाचा हिरमोड होत नाही, माझ्या पुस्तकाने मात्र होतो.

जास्त राग आला तो अंगठे देणाऱ्या आपल्या मराठी लोकांचा. 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपण चकली खात खात वाचतोय. सणाला हातात वाचायला काही असावं, हे आपल्याला परक्यांनी शिकवायचं? आणि वापरलेल्या पुस्तकाची लाज कसली? ताईची पाठ्यपुस्तकं, त्यांना तपकिरी कागदाची कव्हरं, असंच शिकलो ना सगळे?

असो. मेसेज लिहिणारी बाई वाईट नाही. बर्फ पडला की आमच्याही ड्राइव्हवेवर मीठ टाकून जाते. तिचं पोरगं त्या रात्री दमून रडत असेल, आणि नेमकं आमच्या दारी पुस्तक हातात पडलं असेल. होतं असं. पण म्हणून सगळ्यांनाच बंदी? तो डायनोसॉर यंदा आला तर त्याला काय सांगू, ग्रुपवर ठराव झालाय?

टोपली यंदाही असणार. जाड पुठ्ठ्याची, अगदी छोट्यांची पुस्तकं कमी पडताहेत. शार्कची तर एकही नाही. मुलं मोठी झाल्यामुळे कुणाकडे पडून असतील तर कळवा, शनिवारी येऊन घेऊन जाईन. चॉकलेटं आणू नका, ती भरपूर आहेत.