‘टॅरँटुलाची राखच दिली नाही’ या रिव्ह्यूला मालकाचे उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या पाळीव प्राण्यांच्या दहनकेंद्राबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुमची टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, चिंगी गेली त्याचं आम्हालाही वाईट वाटलं. आमच्या काउंटरवरच्या मुलाच्या तोंडून ‘एवढ्याशा कोळ्यासाठी?’ असं निघालं, त्याबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे. 14 वर्षं घरात असलेला जीव ‘एवढासा’ नसतो. लाल गुडघ्यांच्या मेक्सिकन टॅरँटुलाची मादी वीस वर्षंसुद्धा जगते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आमच्याकडे लॅब्रेडॉर घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना इतकी वर्षं सोबत मिळालेली असते.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, ‘1,200 रुपये घेतले आणि रिकामा कलश हातात दिला, ही सरळसरळ फसवणूक आहे.’ हे वाचल्यापासून मला चैन नाही. आमच्याकडे लोक रिव्ह्यू बघून येतात, तेही घरातला प्राणी नुकताच गेलेला असताना. हा शब्द दिसल्यावर कोण येईल? म्हणून सविस्तर लिहितो, राग मानू नका.

कुत्र्या-मांजराच्या दहनानंतर आम्ही जी राख देतो, ती हाडांची असते. भट्टी आठशे अंशांच्या वर तापते. त्यात मांस, कातडी, केस सगळं जळून जातं आणि मागे राहतात ती हाडं. ती आम्ही कुटून, चाळून कलशात भरतो. टॅरँटुलाला हाडं नसतात. तिचं शरीर बाहेरच्या कवचावर उभं असतं आणि ते कवच कायटिन (किड्यांच्या कवचात असतो तो पदार्थ) नि प्रथिनांचं, म्हणजे पूर्ण जळणारं. खेकड्याच्या कवचात निदान कॅल्शियम असतं, म्हणून ते दाताला लागतं. कोळ्याच्या कवचात तेही जवळजवळ नाही. त्यात चिंगीचं वजन आमच्या काट्यावर तीस ग्रॅमसुद्धा भरलं नव्हतं आणि त्यातलं बरंचसं पाणीच. एवढ्यातून जे उरतं ते चिमटीत धरता येत नाही, भट्टीच्या हवेबरोबर निघून जातं.

हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. फॉर्मवर तुमच्या सहीच्या वरच छापलेलं आहे. त्या मनःस्थितीत कोणी फॉर्म वाचत नाही, हे मी समजू शकतो. पण ‘सांगितलंच नाही’ असं लिहिलंत ते खरं नाही, ताई. ‘काही नसलं तरी चालेल, कलश द्या’ असं तुम्हीच म्हणालात, म्हणून तो दिला. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

फसवायचंच असतं तर फार सोपं होतं. दोन चमचे गोवरीची राख भरायची, वर लाल दोरा बांधायचा, की तुम्ही समाधानाने घरी गेला असतात. कोणाला कळणार होतं? ते आम्ही केलं नाही आणि धंदा बसला तरी करणार नाही.

1,200 ही आमची सर्वांत कमी फी आहे. हॅमस्टर, बजी पोपट, कासवाचं पिल्लू, सगळ्यांना तेवढीच. भट्टी तापवायला लागणारा गॅस जिवाच्या वजनावर ठरत नाही, आणि चिंगीच्या वेळी भट्टीत दुसरं काहीही नव्हतं. ‘दोनशे रुपयांचं काम’ असं तुम्ही लिहिलंय, तेवढ्यात गॅससुद्धा येत नाही.

‘फोनवर उलटतपासणी केली’ हेही मनाला लागलं. पाय कसे आहेत एवढंच मी विचारलं होतं. टॅरँटुला कात टाकताना पाठीवर आडवी होते, पाय पसरलेले असतात आणि तासन्‌तास हालत नाही. पाहणाऱ्याला वाटतं गेली. मेल्यावर मात्र पाय पोटाखाली मुठीसारखे वळतात, कारण ते ताठ ठेवणारा आतल्या द्रवाचा दाब संपतो. पूर्वी एक गृहस्थ कात टाकत असलेली जिवंत टॅरँटुला डब्यात घालून माझ्याकडे घेऊन आले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे विचारतो आणि यापुढेही विचारणार.

दहन नको, कुंडीत पुरा, असंही मी सुचवलं होतं. तुमचं मन दहनाकडे होतं, तो तुमचा निर्णय. पण तिने टाकलेल्या काती तुम्ही जपून ठेवल्या आहेत असं बोलण्यात आलं होतं. त्या फेकू नका. कातीत सुळे, पायांवरचे केस, सगळं जसंच्या तसं असतं आणि ते तिचंच असतं. माझ्याकडच्या कुठल्याही राखेपेक्षा ते जास्त खरं आहे. काचेच्या घट्ट झाकणाच्या डबीत, कोरड्या जागी ठेवा. डबी हवी असेल तर आमच्याकडून घेऊन जा, पैसे नकोत.

फॉर्मवरची ती ओळ मोठ्या अक्षरांत छापून घेऊ. बाकी सुधारणाही जमेल तशा करतोच आहोत.

स्टार एकच ठेवा, माझी तक्रार नाही. मुलाच्या बोलण्याबद्दल लिहिलंय तेही राहू द्या. फक्त ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढा, ही विनंती.

आपला,
मालक