बजेट समितीवर तुमचं नाव आलंय? मग हे वाचाच

अभिनंदन! विद्यापीठाच्या बजेट समितीवर तुमची नेमणूक झाली असं कळलं. आता घरी पेढे येतील, त्यातले दोन खा आणि बाकीचे फ्रीजमध्ये ठेवा, पुढे बऱ्याच जणांचं तोंड गोड करावं लागणार आहे. सल्ला द्यायचा माझा अधिकार काय असं विचाराल तर मी गेली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, म्हणजे सीएचबीवर, जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, म्हणजे बजेट जिथे पोचता पोचता संपतं बरोबर त्या टोकाला उभा आहे, आणि बाउंड्रीबाहेर बसलेल्याला मॅच जास्त कळते हे तुम्हाला आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर शेंगदाणे खात बसलेला कुठलाही माणूस सांगेल.

आधी एक क्लिअर करतो. नाशिकला विद्यापीठांचा तोटा नाही. गंगापूर धरणाच्या अंगाला १९८९ चं मुक्त विद्यापीठ आहे, म्हसरूळला १९९८ चं आरोग्य विद्यापीठ आहे, आणि आपली बीए-बीकॉमवाली बहुतेक कॉलेजं जोडलेली आहेत ती पुण्याच्या १९४९ च्या विद्यापीठाला. मी बोलतोय ते यातलं एकही नाही. मी बोलतोय ते "समजा" विद्यापीठ, गणितात आपण समजा क्ष म्हणतो ना तसं. कुणाला ओळखीचं वाटलं तर योगायोग समजा आणि कृपया लेखी खुलासा मागवू नका, जावक क्रमांक टाकून उत्तर पोचवायला माझ्याकडे शिपाई नाही.

तर सगळ्यात आधी हेड शिका. हेड म्हणजे डोकं नाही, त्याची इथे फारशी गरज पडत नाही. हेड म्हणजे लेखाशीर्ष. कुठलाही खर्च नाकारायचा असेल तर पैसे नाहीत असं चुकूनही म्हणू नका. "या हेडखाली तरतूद नाही" म्हणा. पैसे नाहीत म्हटलं की माणूस भांडतो, हेड नाही म्हटलं की "अच्छा अच्छा" करत मान हलवून निघून जातो, मी स्वतः गेलोय. आमच्या वर्गातला पंखा मागच्या वर्षी एप्रिलमध्ये बंद पडला, आणि नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही हे तुम्हाला सांगायला नको. अर्ज दिला. लेखा विभागातले भाऊसाहेब म्हणाले, सर, इमारत दुरुस्तीच्या हेडमध्ये पंखा येत नाही कारण पंखा म्हणजे काही इमारत नाही. विजेच्या हेडमध्ये बिल बसतं, पंखा नाही बसत. साहित्य खरेदीत नवीन पंखा घेता येईल पण जुना आहे ना तुमच्याकडे, तो आधी निर्लेखित करावा लागेल, म्हणजे रजिस्टरमधून काढून टाकावा लागेल, त्याची समिती वर्षातून एकदा बसते आणि ती बसेपर्यंत डेड स्टॉकच्या रजिस्टरला तो चालू दिसणार. "रजिस्टरला पंखा चालू आहे सर" हे वाक्य त्यांनी इतक्या मायेने उच्चारलं की मला क्षणभर गार वाटलं. शेवटी पोरांनी दहा-दहा रुपये काढले, एकाने मेन रोडवरून कंडेन्सर आणला, बेंचवर स्टूल ठेवून बसवला आणि पंखा फिरला. आता तो अनधिकृतपणे फिरतोय.

सगळं पोटात घेणारं एकच हेड आहे, सादिलवार, म्हणजे किरकोळ खर्चाचं. ते जिवापाड जपा. हे खडू, झाडू, शाईसाठी असतं असा कुणी अर्थ काढला तर काढू द्या. खर्च कसा कमी करावा यासाठी तुम्ही समिती नेमाल, नेमावीच लागते, तर तिच्या बैठकीची मिसळ आणि काजू याच हेडमधून जाऊ द्या, आणि समितीची पहिली शिफारस "विभागांचा चहा बंद करावा" अशी आली की अंमलबजावणी त्याच दिवशी करा. खडू संपले म्हणून कुणी आलं तर पीपीटीवर शिकवा म्हणावं. प्रोजेक्टर कुठंय ते नंतर बघू.

आता आकड्यांकडे येऊ. बजेटच्या पुस्तकात रकाने असतात, अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. हे तिन्ही रकाने शेजारी शेजारी वाचणारा माणूस विद्यापीठासाठी फार धोकादायक असतो, म्हणून पुस्तक जाड करा आणि अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, सदस्यांना जेवढ्या उशिरा देता येईल तेवढ्या उशिरा द्या. आणि बजेट मांडायचं ते कायम तुटीचंच. कसं करायचं सांगतो. मंजूर पदांचा पगार सरकार देतं, स्वतःचा पैसा मुख्यतः पोरांच्या परीक्षा फीमधून आणि कॉलेजांच्या संलग्नीकरणातून येतो, तो मुदत ठेवीत टाकायचा, आणि मग दणदणीत तरतुदी अशा कामांना करायच्या जी त्या वर्षात होणारच नाहीत. झाली तूट! तूट आहे म्हणून फी वाढवायची, पुढच्या मार्चला कामं झालेली नसतात त्यामुळे पैसे उरतात, ते परत ठेवीत टाकायचे, परत तूट मांडायची. आमच्या शेजारचे रिटायर्ड बँकवाले काका म्हणतात असं घरात केलं तर बायको विचारते. खरंय, पण घरात मधेच जेवणाची सुट्टी जाहीर करता येत नाही, अधिसभेत येते. तरी कुणी फारच खोलात शिरलं तर २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा टेबलावर असू द्या, १ मार्च २०१७ पासून लागू आहे, वाचायची गरज नाही पण वजन चांगलं आहे, पंख्याखाली कागद उडत नाहीत. म्हणजे पंखा असेल तर.

खर्च कशावर करायचा याचा नियम सोपा आहे, जिथे नारळ फुटतो तिथे. ग्रंथालयात पन्नास पुस्तकं आली तर नारळ फोडता येत नाही, लॅबमध्ये ॲसिडची बाटली आली तर फीत कापायला मंत्री येत नाहीत. कमान मात्र उत्तम. शिवाय कमान म्हणजे भांडवली खर्च, कागदावर मालमत्ता तयार झाली, विद्यापीठ श्रीमंत झालं. आणि अभ्यासिका रात्री उघडी ठेवायला एक माणूस नेमला तर तो महसुली खर्च, पैसा गेला तो गेलाच, वर तो माणूस दर महिन्याला पगार मागतो. कमान पगार मागत नाही.

आमच्या समजा विद्यापीठाने कमान बांधली तेव्हाची गोष्ट. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वर एलईडीची माळ, बाजूला सेल्फी पॉइंट. एवढ्या सगळ्यात वॉचमनच्या केबिनला खिडकी ठेवायची राहून गेली, पण ते असो. अभ्यासिका संध्याकाळी साडेपाचला बंद, कारण वर सांगितलंच. तर सुरगाणा, पेठ, कळवणकडची एमपीएससीची पोरं, एका रूमवर सहा जण आणि ट्यूब एक, ती रात्री जेवून यायची आणि कमानीच्या पायऱ्यांवर पुस्तकं उघडून बसायची. उजेड एक नंबर! मी एकदा रात्री साडेदहाला तिकडून गाडीवर चाललो होतो तर आमच्याच वर्गातली एक मुलगी "विद्यापीठ" मधल्या "द्या" च्या बरोबर खाली राज्यघटनेच्या नोट्स घेऊन बसलेली, म्हटलं काय गं, तर म्हणे सर या अक्षराचा लाइट सगळ्यात पांढरा आहे, बाकीचे पिवळे पडलेत. आता तुमची परीक्षा घेतो. प्रशासन म्हणून तुम्ही काय केलं असतं? अभ्यासिका उघडी ठेवली असती? चुकलात, तुम्ही या समितीवर टिकणार नाही. परिपत्रक काढायचं असतं, "मुख्य प्रवेशद्वाराच्या सौंदर्यास बाधा येत असल्याने सदर ठिकाणी बसण्यास सक्त मनाई". वॉचमनमामा रोज नऊला पोरांना उठवायचे आणि सव्वानऊला साहेबांची गाडी गेली की परत बसवायचे, त्यांचा स्वतःचा मुलगा पोलीस भरतीला बसलाय. खरी कमाल पुढेच आहे. विद्यापीठांना ग्रेड देणाऱ्या नॅकची तयारी सुरू झाली, बेस्ट प्रॅक्टिसेसच्या रकान्यात लिहायला काही सुचेना, तर कुणीतरी त्याच पोरांचा फोटो टाकला, खाली ओळ, "विद्यार्थ्यांसाठी खुल्या हवेतील रात्र अभ्यासिका". याला म्हणतात प्रशासन. फक्त परिपत्रक आणि फोटो एकाच फाईलला लागणार नाहीत याची काळजी घ्या.

फीचं थोडक्यात सांगतो. एकदम मोठी वाढ केलीत तर संघटना येतात, घोषणा देतात, टीव्हीवाले येतात. म्हणून फी वाढवू नका, फीची नावं वाढवा. पात्रता शुल्क, संगणकीकरण शुल्क, विद्यार्थी कल्याण, आपत्ती व्यवस्थापन, अश्वमेध. चलनावर अश्वमेध बघून सटाण्याच्या एका पालकाने मला विचारलं होतं, सर घोडा कधी सोडणार? त्यांना सांगितलं की ती क्रीडा स्पर्धा असते, तर म्हणे आमची पोरगी तर खेळत नाही. ओळी वाढवायचा दुसरा फायदा असा की सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, पण माफ झाली ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची, बाकीच्या ओळी जिथल्या तिथे. तेव्हा जे काही घ्यायचं ते या दोन ओळींच्या बाहेर मांडा. मोफत शिक्षणाचा बॅनर कमानीला लावा, जागा आहे. आणि पोरगं नापास झालं तर वाईट वाटून घेऊ नका, आधी उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीची फी, मग पुनर्मूल्यांकनाची, आणि निकाल लागेपर्यंत पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आलेलीच असते, तोही भरायला लावा. एकाच पेपरचे तीनदा पैसे, असं पीक तर आपल्याकडे द्राक्षाला पण येत नाही.

आमचा विषय, म्हणजे मास्तरांचा, तुम्ही एका बैठकीत उरकू शकता. प्राध्यापक रिटायर झाला की पद रिकामं ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांच्या वर नकोत असं आहे, घाबरू नका, आम्ही कंत्राटी नाहीच, आम्ही तासिकावाले. २०१९ ला त्याच यूजीसीने अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा आकडा काढला, तो आम्ही अजून कधीकधी मोबाइलवर उघडून बघतो, लोक जुने फोटो बघतात तसं. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, मे महिना, या काळात आम्ही शिकवत नाही त्यामुळे आम्ही नसतो. पेपर तपासायला मात्र असतो.

उरला मार्च. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, २०१५ ला झाला, आता २०२७ ला, सगळं नाशिक खोदून ठेवलंय, पण विद्यापीठाचा कुंभमेळा दरवर्षी ३१ मार्चला. शाहीस्नानाला आता अमृतस्नान म्हणायचं, नाव काही द्या, भानगड सगळी कुणी आधी उतरायचं याची. रामकुंडावर त्यावरून वाद झालेत, लेखा विभागात वाद नाही, क्रम पक्का आहे. आधी बांधकामाच्या ठेकेदारांचा आखाडा, वाजतगाजत. मग फर्निचर आणि संगणकवाले, ज्यांचे डबे पुढच्या मार्चपर्यंत न फोडता पडून राहणार. मग मंडप-केटरिंग, मग स्मृतिचिन्हं आणि शाली. सगळ्यात शेवटी आम्ही, तोपर्यंत पाणी गढूळ झालेलं असतं आणि घोट्यापर्यंतच उरलेलं असतं. तुम्ही हा क्रम बदलायच्या फंदात पडू नका.

मी गेल्या मार्चचं सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या तासांचं बिल, तीन प्रतींत, विभागप्रमुखांची सही, वेळापत्रक, हजेरीपटाच्या झेरॉक्स, सगळं जोडून पंधरा दिवस आधी दिलेलं. एकतीस तारखेला दुपारी भाऊसाहेबांचा फोन, सर त्रुटी आहे, पाच हजाराच्या वर रक्कम आहे ना, एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावलंय पण तुमची सही तिकिटाच्या बाहेर निघालीच नाही, तिकिटावरच संपली, आडवी गेली पाहिजे, अर्धी आत अर्धी बाहेर. धावत पोस्टात गेलो, तिकिटं संपलेली, मार्च एंड ना. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळालं, एक रुपयाचं पाच रुपयाला. थुंकी लावून चिकटवलं, सही अशी लांब ओढली की टेबलावर गेली असती. पळत वर गेलो, सहाला पाच कमी. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून सही बघितली, खूश झाले.

"आता बरोबर झालं बघा सर. पण हेडमधले पैसे आत्ताच संपले, शालीवाल्यांचं बिल गेलं. आता हे मागच्या वर्षाचं थकीत देयक झालं, एप्रिलमध्ये नवीन करून द्या, वेगळी मंजुरी घेऊ." मी बिल परत घेतलं आणि जिन्यापर्यंत आलो तर मागून त्यांची हाक आली, "सर, नवीन तिकीट लावा हं, हे नाही चालणार."