‘गॅसलेस मिग घ्या, सगळं होतं’? नाही होत

वेल्डिंग मशीनबद्दल सगळीकडे फिरणारा सल्ला असा : ‘घरच्या वर्कशॉपला रॉडचं मशीन आता जुनं झालं. गॅसलेस मिग घ्या. शिकावं लागत नाही, पातळ पत्र्यापासून ॲल्युमिनियमपर्यंत सगळं जोडतं. आणि घ्याल तर 200 अँपिअरचंच घ्या.’ (मिग म्हणजे वायर आपोआप पुढे सरकत वितळते ते वेल्डिंग. गॅसलेस म्हणजे जोडाला हवेपासून जपणाऱ्या गॅसच्या सिलिंडरशिवाय.)

‘शिकावं लागत नाही.’ ट्रिगर दाबला की वायर येते, सरळ रेघ लवकर जमते, हे कबूल. पण फसगत तिथेच होते. रॉडची चूक लगेच कळते : रॉड चिकटतो, स्लॅग (जोडावर जमणारी कडक खपली) अडकतो. मिगवर करंट कमी असला तरी 6 मिमीच्या पट्टीवर देखणा जोड बसतो आणि खालचं लोखंड वितळलेलंच नसतं. दोन पट्ट्या टी आकारात एकाच बाजूने जोडा, आडवी व्हाइसमध्ये धरा आणि उभी पट्टी जोडाच्या बाजूला हातोड्याने पाडा. कच्चा जोड अख्खाच्या अख्खा सुटून येतो. खाली ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे दिसतात.

‘गॅसलेस म्हणजे कटकट नाही.’ त्याला आत फ्लक्स (जोडाला हवेपासून जपणारी पूड) भरलेली वायर लागते. साधी वायर गॅसशिवाय चालवली तर जोडाची चाळण होते. ही फ्लक्स वायर बहुधा टॉर्च (हातातली, वायर सोडणारी बंदूक) निगेटिव्हला लावून चालते, गॅसवरची साधी वायर पॉझिटिव्हला. हे न बदलताच ‘फार शिंतोडे उडतात’ म्हणणारे कमी नाहीत. स्लॅग तर इथेही झाडावाच लागतो.

‘पातळ पत्राही होतो.’ 1 मिमीच्या पत्र्याला फ्लक्स वायर भोकं पाडते. तिथे गॅसचं मिग आणि 0.6 मिमीची वायर हवी, तेही ठिपके मारत.

ॲल्युमिनियमचं नावच काढू नका. धातू 660 अंशांना वितळतो, वरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्याही पुढे. एसी करंटवरचं टिग (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने आर्क काढणारं वेल्डिंग) लागतं, नाहीतर आरगॉनवरचं मिग.

‘रॉड जुना झाला.’ कुणी सांगितलं? स्टँड, ब्रॅकेट, गेट, गंजकं लोखंड, उघड्यावर वारा : इथे 2.5 मिमीचा 6013 (साध्या लोखंडासाठीचा नेहमीचा प्रकार) रॉड 70 ते 90 अँपिअरवर निमूट काम करतो. गंज घासावाच लागतो, पण तो थोडंफार सोसतो. रॉडचं इन्व्हर्टर प्रकारचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, हलकं मशीन एका हातात उचलता येतं. 2 मिमीच्या पुढच्या कामाला मी हेच सुचवेन.

आता ते 200 अँपिअर. आकड्यापेक्षा मशीनच्या पाटीवरची ड्यूटी सायकल, म्हणजे 10 मिनिटांतला किती वेळ ते सलग चालतं, ती वाचा. 200 ला 20 टक्के म्हणजे 10 मिनिटांत 2 मिनिटं वेल्डिंग, बाकी वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसायचं. शिवाय 200 अँपिअरवर नुसत्या आर्कलाच जवळपास पाच किलोवॉट लागतात. 230 व्होल्टचा 16 अँपिअरचा सॉकेट पावणेचारच्या आत संपतो.