नवतपा आणि अकरा लिटरचा डबा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास रेंगाळतो, महिनाअखेरीस नवतपा म्हणजे सर्वात तापणारे नऊ दिवस सुरू होतात, आणि लग्नंही नेमकी तेव्हाच लागतात. भर उन्हात शेरवानी चढवून घोड्यावर बसणाऱ्या नवरदेवाबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्याचं एका दिवसात आटोपतं. माझं त्यानंतर सुरू होतं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. ड्रोनवरून घेतलेली वरात, तीन कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच हार, आणि मामांच्या आग्रहावरून ठेवलेली अख्खी पंगत, एकेका जिलेबीसकट. हे सगळं फोर-केमध्ये रेंडर करायचं, तुकडे जोडून अखेरचा व्हिडिओ तयार करायचा, म्हणजे कॉम्प्युटरला तासन् तास घाम फुटतो. खरं तर फुटत नाही, तीच अडचण आहे. घाम वाळताना थंडावा तरी देतो.

माझा कॉम्प्युटर छोटा आहे. ज्या खोलीत मी, शिलाई मशीन, लोखंडी कपाट आणि वर्षभराचे गहू एकत्र नांदतो, तिथे मोठा मावणं शक्यच नव्हतं. म्हणून मिनी-आयटीएक्स. १७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद असा हा मदरबोर्ड व्हीआयए नावाच्या तैवानी कंपनीने २००१ साली आणला, तो कमी वीज खाणाऱ्या गरीब स्वभावाच्या प्रोसेसरसाठी. पुढे लोकांनी त्याच्यावर काय काय बसवलं, त्याचा दोष तैवानला देता येणार नाही. या जातीच्या केसचं, म्हणजे बाहेरच्या डब्याचं, माप लिटरमध्ये सांगतात. माझी अकरा लिटरची. आईला हे सांगितलं तेव्हा तिने खालून झाकण कुठे आहे ते पाहिलं.

तर या अकरा लिटरमध्ये १४२ वॅटपर्यंत वीज ओढणारा प्रोसेसर आणि २०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड शेजारी शेजारी राहतात. ओढलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. वरातीचं रेंडर हे वाटेत मिळालेलं उपउत्पादन. ९५ अंश आले की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे बारात निघते दणक्यात, मांडवाच्या अलीकडच्या चौकात मंदावते आणि मंगलाष्टकांपर्यंत पोचता पोचता रांगायला लागते. पंखे मात्र त्या वेळी जिवाच्या आकांताने फिरत असतात. फोनवर एका वधुपित्याने मला विचारलं होतं, ‘तुमच्याकडे पाऊस पडून राहिला का?’ नवतप्यात, दुपारी तीन वाजता. त्यांच्या आवाजात आशा होती.

उपाय शोधायला गेलं की जगभरचे जाणकार मदतीला धावतात. त्यांच्या चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट बदलली आणि तापमान दोन अंशांनी उतरलं म्हणून ही माणसं आनंदाने आलेख काढतात. आमच्या खोलीत दुपारी ३९ असतात. पंखा हवा थंड करत नाही, हलवतो फक्त; त्यामुळे कितीही महागडा लावला तरी आतला प्रोसेसर खोलीपेक्षा गार होणं निसर्गनियमाविरुद्ध आहे. म्हणजे इथे माझी मोजणीच ३९ पासून सुरू होते. आमच्या खोलीत येऊन कोणी दोन अंश उतरवून दाखवले तर मी आलेख फ्रेम करून भिंतीवर लावीन.

तरी सीताबर्डीतल्या एका दुकानातून आणखी दोन पंखे बसवून आणले. बसवणारा मुलगा फार उत्साही. ‘भाऊ, आता तुफान हवा लागते बघा!’ तुफान खरंच लागलं. तापमान मात्र ९५ वर ठाण मांडून बसलं, आणि आवाजात एक नवी शिट्टी मिसळली.

इथे बाबांचा प्रवेश झाला. बाबा वीज मंडळातून निवृत्त. कॉम्प्युटरचं त्यांना प्रेम नाही, पण कूलर हा त्यांचा प्रांत आहे. दर एप्रिलमध्ये माळ्यावरून कूलर उतरवणं, ताट्या बदलणं, टुल्लू पंपाला शिव्या घालणं आणि मग खिडकीत अर्धं धड बाहेर काढून तो बसवणं, यात त्यांना निवृत्तीचा खरा अर्थ गवसतो. गल्लीतल्या कोणाचाही कूलर गार हवा देत नसला तर बाबांना बोलावतात. ते कूलरकडे ढुंकून पाहत नाहीत. समोरची खिडकी उघडतात आणि चहा पिऊन परततात.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्या डब्याभोवती हात फिरवला. पुढे. मागे. वर.

‘हवा कुठून भरते ते समजलं. जाईन कुठून?’

‘मागचा पंखा बाहेर टाकतो ना.’

‘टाकते का? उदबत्ती आण बरं.’

देवघरातून उदबत्ती आली. सोबत आईही आली, कारण अवेळी उदबत्ती लावण्याचं कारण तिला हवं होतं. बाबांनी उदबत्ती पुढच्या जाळीपाशी धरली, धूर आत. मागच्या जाळीपाशी धरली, तिथेही धूर आत! म्हणजे त्या उत्साही मुलाने सगळे पंखे आतल्या दिशेने बसवले होते. चारही बाजूंनी वारा आत, आणि बाहेर पडायला फटी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. असं ते फक्त खिडक्या बंद करून कूलर लावणाऱ्यांकडे पाहतात.

पंख्याला तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे पटकन कळत नाही. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, सहसा त्या बाजूने हवा बाहेर पडते. आम्ही मागचा आणि वरचा पंखा उलटा केला. समोरच्या जाळीतून आणि खालून हवा घ्यायची, मागून आणि वरून सोडायची. जाणारीपेक्षा येणारी हवा किंचित जास्त ठेवली की फटीफटीतून धूळ शिरत नाही. येईल ती जाळीतून गाळून येते. ही गोष्ट बाबांना मी समजावली. मला काहीतरी समजावता आल्याने बरं वाटलं. मग वायरींचा गुंता एका बाजूला बांधला आणि जाळीवरची धूळ बाहेर नेऊन झटकली. त्या जाळीत कूलरच्या ताटीतलं वाळकं गवतही निघालं. मुळात ते डब्यापर्यंत चालत कसं आलं, यावर घरात अजून एकमत नाही.

प्रोसेसरची वीज मी सेटिंगमध्ये जाऊन १४२ वरून ८८ वॅटवर बांधून टाकली. वेग थोडासाच घटतो, उष्णता पुष्कळ घटते. माझ्या मते छोट्या डब्याचं निम्मं दुखणं इथेच संपतं. पण हे पंख्यासारखं फिरताना दिसत नाही, म्हणून कोणी त्याचं कौतुक करत नाही. बाबांनीही केलं नाही. त्यांच्या लेखी सगळं श्रेय मागच्या खिडकीचं.

त्यांची पुढची सूचना होती कूलरचं तोंड थेट डब्याकडे वळवण्याची. मोह झाला. ओलसर हवेने गरम भागांवर दव धरत नाही, कारण दव हवेपेक्षा गार जागेवर बसतं. पण आमचा कूलर हवेबरोबर अधूनमधून तुषारही फेकतो, आणि कर्जाचे हप्ते चालू असलेल्या वस्तूवर मला शिंपण नको होतं. शेवटी कूलर खोलीला आणि खोली डब्याला, अशी तडजोड झाली. खोली ३१ वर आली, प्रोसेसर ७८ वर. वरात एका दमात मांडवात पोचली.

दोन दिवसांनी पुन्हा ९०. बाबा उदबत्ती घेऊन हजर. या खेपेला गरज पडली नाही. डब्याच्या वरच्या जाळीवर आईने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरलेला होता, वर गणपती. धूळ बसू नये म्हणून. गणपती हलवण्याच्या वाटाघाटी फारच नाजूक होत्या. अखेर तो रुमालासकट गव्हाच्या कोठीवर गेला.

डिसेंबरात नागपूरला चांगलीच थंडी पडते. पारा दहाच्या आसपास आला की विरजण लागत नाही. एका रात्री मी काम आवरून उठलो तर मागच्या जाळीसमोर, कोमट वाऱ्याच्या नेमक्या टप्प्यात, दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं. मी मशीन बंद करायला हात पुढे केला.

‘थांब,’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘एखादं लग्न उरलं असेल न कोणाचं? लाव रात्रभर.’